रसात काही घातलं नाही

अवंतिका खोतला पहिला संशय आला तो दाबाच्या गेजचा. काटा खोटं बोलतोय, असं तिनं ठरवूनच टाकलं. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच ठरवलं असतं, कारण काटा खरा मानायचा तर तिनं जीव लावून बनवलेला फिल्टर पहिल्याच चाचणीत तोंडावर आपटला होता. कुरुंदवाडजवळच्या मगदुमांच्या गूळ पावडरीच्या कारखान्यात सकाळी रस चढवला. काचेच्या खिडकीतून थोडा वेळ स्वच्छ धार दिसली. मग दाब वर जाऊ लागला आणि धार बारीक होऊ लागली. होता होता करंगळीएवढी, मग सुतळीएवढी, मग नुसतेच थेंब. तिनं काट्याला टिचकी मारून पाहिली. काटा जागचा हलला नाही.

दाबाचा फिल्टर ही काही मोठी जादू नाही. फडक्यातून चहा गाळताना फडकं पिळतो, तेवढाच त्यातला दाब. फरक एवढाच, की कारखान्यात पिळायचं काम पंप करतो आणि फडक्याच्या जागी जाळी किंवा जाड कापड असतं. अवंतिकाचे वडील जोतीराम खोत शिरोलीच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षं पाट्यांचे प्रेस बनवत आले होते. लोखंडी पाट्या एकामागे एक उभ्या करायच्या, मध्ये कापड घालायचं आणि मागून स्क्रूनं आवळायचं. गाळ कापडावर बसतो आणि पाणी खालच्या तोट्यांतून बाहेर येतं. सगळं उघड्यावर असतं. कुठून गळतंय, कुठलं कापड फाटलंय, हे झाडूवालीलाही सांगता यावं. अवंतिकानं आणला तो पानांचा फिल्टर. उभं बंद भांडं, आत स्टीलच्या जाळीची पानं टांगलेली. रस दाबानं भांड्यात शिरतो, जाळीतून पानाच्या पोटात जातो आणि पानाच्या देठातून खाली उतरतो. रसातला गाळ, म्हणजे मळी, जाळीवर थरानं बसते. ना गळती, ना रोज कापडं धुण्याची कटकट. पान हा शब्द ऐकून वर्कशॉपातले फिटर पहिले काही दिवस चुना-कात मागून तिची खेचत होते.

तिचा चुलतभाऊ राजवर्धन मात्र त्या चेष्टेत सामील नव्हता. वर्कशॉपचा खालचा मजला तोच बघायचा, कामगार त्याचे, वेल्डिंग त्याचं, आणि गिऱ्हाइकंही बरीचशी त्यानंच जोडलेली. झाकलेल्या भांड्यात काय शिजतंय हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर शेतकरी माणूस विश्वास ठेवत नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. पुण्याच्या फिल्टर कंपनीतली नोकरी सोडून आलेल्या अवंतिकाला त्यात असूया दिसली. जोतीरामांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. मगदुमांच्या कारखान्यात पानांचा फिल्टर चालला तर वरच्या मजल्यावरची ड्रॉइंगची खोली अवंतिकाची, तिथून निघेल तेच खाली बनेल. नाही चालला तर राजा म्हणेल तसं, आणि तिनं टेंडरं भरायची. ती खोली तिला हवी होती. लग्नाच्या मांडवापेक्षा जास्त हवी होती म्हटलं तरी चालेल, आणि कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून धार आटली तेव्हा तिच्या डोक्यात फिल्टरचा विचार नंतर आला, राजवर्धनचा आधी. जुळणी त्याच्या हातून झाली होती. दोन पानांमधलं अंतर तिनं हिशेबानं काढलं होतं, दोन बाजूंचे मळीचे थर फुगून एकमेकांना चिकटू नयेत इतकं. ते अंतर कमी केलं असेल तर? किंवा बारीक विणीच्या जाळीच्या जागी दुसरीच कुठली जाळी बसवली असेल तर? तिनं झाकण उघडायला लावलं, एकेक पान क्रेननं वर काढलं, अंतर मोजलं, जाळी भिंगाखाली पाहिली. सगळं ड्रॉइंगबरहुकूम निघालं. आणि गंमत बघा, सगळं बरोबर निघालं याचा तिला आनंद झाला नाही. तिचा हिरमोडच झाला. संशय एकदा मनात पाट मांडून बसला की त्याला जेवू घालावंच लागतं, आणि इथे वाढायला काही सापडेना.

मात्र पानांवर बसलेली मळी नेहमीसारखी नव्हती. ती भुसभुशीत असायला हवी, बोटानं ढकलली की ढेपळ खाली पडावं अशी. ही बुळबुळीत होती. बोट लावलं की तार सुटत होती. एवढ्या चिकट थरातून रस पुढे जाणार कसा? उलट दाब वाढवावा तसा थर घट्ट होऊन जाळीची भोकं लिंपून टाकत होता. हे पुण्यात तिनं पाहिलेलं होतं. ऊस तोडून शिळा झाला की रसात डिंक तयार होतो आणि फिल्टर बसतो, म्हणजे तुंबतो. म्हणजे फिल्टर निर्दोष होता, दोष उसाचा होता. तिला हायसं वाटलं, पण ते घटकाभरच. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला की नेमका चाचणीच्या दिवशी शिळा ऊस आला कसा, आणि कुणी आणवला.

कारखान्याचे मालक श्रेयस मगदूम तिच्याच वयाचे होते, शेतकी पदवी घेतलेले, बोलायला गोड. चाचणीच्या आदल्या दिवशी राजवर्धन त्यांच्या गाडीतून उतरताना तिला दिसला होता. तिला पाहून दोघांचं बोलणं थांबलं होतं. मगदुमांना पाट्यांचा प्रेस स्वस्तात हवा असेल आणि राजवर्धनला फिल्टर पडायला हवा असेल, तर दोघांची गाठ पडायला कितीसा वेळ? तिनं मगदुमांना उसाबद्दल विचारलं ते अशा सुरात, की त्यांचा चेहराच पडला. दुसऱ्या चाचणीला त्यांनी तिला सोबत घेऊन फडावर नेलं, डोळ्यांदेखत ऊस तोडला, तसाच ट्रॉलीत भरून आणला आणि तसाच गाळला. फिल्टर आधीपेक्षा लवकर बसला.

आता तिनं सरसकट सगळ्यांना विचारायला सुरुवात केली. रसात काही घातलंय का? कारखान्यात रसाच्या टाकीजवळ बंडूतात्या बसत. ते जुने गुळवे. गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ, रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, त्यांचं आयुष्य गेलं होतं, गुळाला चटका किती आणि पाक कधी उतरवायचा हे त्यांनी बोटावर ओळखायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. नवा कारखाना झाला तरी मगदुमांनी त्यांना मानानं ठेवून घेतलं होतं. जाळीवर आधी बसवायची पांढरी भुकटी अवंतिकानं पोत्यांतून आणली, तेव्हापासून तात्या तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघत. गुळाच्या मुलखात पांढरी पावडर म्हणजे हायड्रोस, गुळाला खोटा पिवळा रंग आणणारी. ही नुसती दगडाची भुकटी आहे, जाळीवरच राहते, रसात उतरत नाही, असं तिनं परोपरीनं सांगितलं होतं. तात्यांनी मान हलवली होती ती पटल्याची नव्हे. आता तिनंच उलट त्यांना रसाचं विचारलं, तेव्हा म्हातारा चांगलाच दुखावला.

"रसात काय घालायचं पाप आमच्या हातनं झालं न्हाय आजवर, आनि हुनार बी न्हाय," तात्या म्हणाले.

पंपावरच्या माणसानं कानाला हात लावला. राजवर्धन पाना घेऊन झाकणाकडे निघून गेला. जोतीराम प्रत्येक चाचणीला लेकीबरोबर येत आणि सगळा वेळ तात्यांशेजारी गप्पा मारत बसत. त्यांचेही वडील याच भागात गुळवे होते, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं होतं. आपल्या घरात सात पिढ्यांत कुणी रसात काही घातलं नाही, असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. आबांना, स्वतःच्या वडिलांना, विचारायला नको होतं, असं अवंतिकाला वाटलं आणि तिला स्वतःची लाजही वाटली. पण कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात तशी तिची गत झाली होती. मगदुमांच्या ऑफिसातला चहा जरा वेगळा लागला, तरी ती कपाकडे निरखून बघायची.

तिसऱ्या चाचणीला फुटायचं ते फुटलं. रस चढवण्याच्या जरा आधी राजवर्धन टाकीच्या मागून आला आणि नळावर हात धुऊ लागला. अवंतिकानं पाहिलं, मनात टिपून ठेवलं. दाब चढून धार आटली तशी मात्र ती सगळ्यांसमोर त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मगदूम होते, तात्या होते, दोन्ही फिटर होते, जोतीराम तर होतेच.

"टाकीत काय टाकलंस दादा? मी बघितलोय तुला हात धुताना."

कोल्हापुरातल्या मुली 'मी बघितलोय', 'मी गेलतो' असंच बोलतात, आणि पुण्यात राहून गुळगुळीत झालेली अवंतिकाची जीभ राग आला की मूळपदावर यायची. राजवर्धननं हात पुसले. टाकीमागच्या वॉल्वला ग्रीस लावत होतो, तो गळत होता, एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं आणखी बरंच ऐकवलं. चोर हा शब्दही वापरला. राजवर्धन गाडीची किल्ली फिटरच्या हातात देऊन चालत एसटी स्टँडकडे निघाला. जोतीराम मान खाली घालून बसले होते. पोरगी चुकतेय की पुतण्या चुकलाय हे त्यांना कळत नव्हतं, आणि दोन्हींतलं काहीही खरं निघालं तरी घर त्यांचंच फुटणार होतं.

मगदूम गोड बोलत राहिले, पण बोलायचं ते बोलले. हंगाम तोंडावर आहे, आणखी एकच चाचणी, नाही जमलं तर फिल्टर उतरवून पाट्यांचा प्रेस बसवायचा. जोतीरामांनी मान डोलावली. ड्रॉइंगच्या खोलीचं कुणी नाव काढलं नाही आणि काढायची गरजही नव्हती.

कारखान्यात शबनूर नावाची केमिस्ट होती. जयसिंगपूरची, कमी बोलणारी, आणि या सगळ्या तमाशात एकटीच अशी की जिला अवंतिकानं अजून संशयित धरलेलं नव्हतं. तेही कदाचित वेळ मिळाला नाही म्हणूनच. माणसांना विचारून झालं असेल तर आता रसाला विचारू या, असं शबनूरनं तिसरी चाचणी फसली त्याच दिवशी सुचवलं. चरकातून पडणारा ताजा रस तिनं एका भांड्यात घेतला, टाकीत चाचणीतून उरलेला दुसऱ्या भांड्यात, आणि दोन्ही गाळणीच्या कागदावर ओतले. चरकाचा रस भरभर खाली उतरला. टाकीतला रस कागदावरच डबकं करून बसला.  ऊस निर्दोष, चरक निर्दोष, फिल्टरही निर्दोष. जे काही होत होतं ते चरक आणि टाकी यांच्यामध्ये होत होतं, आणि तिथे दिवसभर बसणारा माणूस एकच होता.

म्हणजे बंडूतात्या. दुखावल्याचं कसलं सोंग केलं म्हाताऱ्यानं, असं अवंतिकाच्या मनात आलं. राजवर्धननं त्यांना फितवलं असणार, हेही लगेच जुळून आलं. शेवटच्या चाचणीच्या दिवशी वडिलांना गेटवर सोडून, ऑफिसात जातो म्हणून ती निघाली आणि मागल्या बाजूनं चिपाडाच्या ढिगाआड जाऊन उभी राहिली. तिथून टाकी समोर दिसत होती. ऊस अजून यायचा होता. तात्या पाय पसरून तंबाखू मळत होते, टाकीला हातही लावत नव्हते.

हात लावला तो जोतीरामांनी. त्यांनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, तात्यांच्या मागची बादली पुढे ओढली आणि त्यात भिजत घातलेली हिरवी खोडं दोन्ही हातांनी चोळू लागले. भेंडीची खोडं. चोळतील तसा पाण्याला चिकट फेस येत होता, हात वर केला की बोटांना तारा लोंबत होत्या. चोळून झालं तसं त्यांनी चोथा पिळून टाकला, बादलीच्या कडेला बोट लावून ते कपाळाला लावलं आणि बादली टाकीच्या कडेला तयार ठेवली.

"आज डबल सोडू या, तात्या," जोतीराम म्हणाले. "पोरगीचं यंत्र हाय. भेंडीबिगर रस निवळंल व्हय? त्या पुन्याच्या लोकास्नी काय म्हायत? कमी पडाय लागलीया म्हनूनच बसतंय त्ये."

अवंतिका चिपाडाला धरून उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण शाळेत तिनं दहादा लिहिली असेल, पण तो कळसा काखेत इतका जड लागतो हे तिला आज कळलं. गुऱ्हाळात भेंडी काहिलीत सोडतात, ती मळीला धरून वर आणते, मग मळी झाऱ्यानं काढून टाकतात. उघड्या काहिलीत भेंडीसारखी गुणाची गोष्ट नाही. पण बंद भांड्यात, दाबाखाली, तोच बुळबुळीतपणा जाळीवर लेप होऊन बसत होता. पहिल्या वेळी आबांनी थोडी सोडली. फिल्टर बसला म्हणून दुसऱ्या वेळी जास्त सोडली. तिसऱ्या वेळी त्याहून जास्त. लेकीचं यंत्र बुडू नये म्हणून हा बाप दर वेळी तिच्या गळ्यात मोठा धोंडा बांधत होता. आणि तात्यांसकट कुणीही खोटं बोललं नव्हतं. या लोकांच्या बोलीत रसात घालतात ती पावडर, घालतात ते पाप. भेंडी कुणी घालत नाही, भेंडी सोडतात. तुम्ही वरणात काही घातलंय का विचारलं तर कोण मीठ म्हणून सांगेल?

तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्हींच्या मागून एक गोष्ट मनात आली ती मात्र गेली नाही. आबांना तिच्या फिल्टरचा भरवसा नव्हता. सगळ्यांसमोर तिची बाजू घेणारे आबा मनातून पहिल्या दिवसापासून धरून चालले होते, की हे एकटं चालायचं नाही, ह्याला मागून टेकू लागणार. राजवर्धन निदान तोंडावर बोलला होता.

जोतीरामांना मगदुमांनी चहाला बोलावलं तसे ते उठून गेले. तात्याही तंबाखू थुंकायला पलीकडे वळले. अवंतिका पुढे आली. आधी तिनं भेंडीचं पाणी पेलाभर घेतलं आणि लॅबमध्ये शबनूरला नेऊन दिलं. चरकाच्या रसात त्याचे चार चमचे पडले आणि कागदावरचा रस जागच्या जागी थांबला. शबनूरनं पेला धुऊन टाकला. मग अवंतिकानं परत येऊन ती बादली उचलली, टाकीच्या कडेवरून वळवून मागच्या गटारात उपडी केली, दोनदा विसळली, आणि साधं पाणी भरून होती तिथं ठेवून दिली. आबांना काही सांगायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. सांगितलं तर ते खचतील. गुळव्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला भेंडीनं घात केला म्हणून सांगायचं, तेही लेकीनं? त्यापेक्षा त्यांनी साधं पाणी ओतावं, रस स्वच्छ निघावा आणि त्यांना वाटावं की डबल भेंडीनं काम झालं. श्रेय त्यांना गेलं तरी चालेल, खोली तिला मिळेल. असा सगळा साधा हिशेब होता.

राजवर्धन आला होता. काकांनी फोन करून बोलावल्यामुळे आला होता आणि गाडीच्या सावलीत उभा होता. ती त्याच्याकडे गेली, सगळं सांगितलं, चुकलो म्हणाली. त्यानं ऐकून घेतलं. भेंडीचं ऐकताना त्याच्या ओठांचा कोपरा हलला, पण तो हसला नाही.

"चोर म्हणताना पाच माणसं हुती," तो म्हणाला. "चुकलो म्हणताना मी एकटाच हाय."

त्याचं बरोबर होतं.

ऊस आला, चरक फिरला, टाकी भरली. जोतीरामांनी बादली उचलली, पाण्याकडे पाहिलं, क्षणभर थबकले आणि मग ओतली. अवंतिकाला तो थबकलेला क्षण दिसला नाही, ती पंपाशी होती. तिनं जाळीवर भुकटी बसवली, रस चढवला आणि दाब हळूहळू वाढवत नेला. काटा सावकाश चढला आणि एका जागी टेकला. काचेमागे धार मनगटाएवढी होती, ती तशीच राहिली. तिच्यातून पलीकडची बोटं मोजता आली असती. मगदूम काचेला नाक लावून उभे राहिले. फिटर हातातलं काम टाकून काचेपाशी आले. दुपार कलली तरी धार कमी झाली नाही. भांडं उघडलं तेव्हा पानांवरची मळी भुसभुशीत ढेपळांनी सुटून खाली पडली. डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून अवंतिका उगीचच पाना शोधायला खाली वाकली.

मग मगदुमांनी विचारलं, की इतके दिवस बिघाड होता तरी काय? सगळे होते. तात्या, फिटर, शबनूर, राजवर्धन, आबा. अवंतिकानं राजवर्धनकडे पाहून सांगितलं, की चूक तिची होती, ती दाब एकदम वाढवत होती म्हणून थर लिंपून बसत होता. राजादादाचा कशातच हात नव्हता, तिनं त्याच्यावर खोटा आळ घेतला, आणि त्याबद्दल ती सगळ्यांसमोर माफी मागते. राजवर्धननं मान हलवली आणि झाकणाचे बोल्ट आवळायला गेला. मगदुमांनी फिल्टर पास केला, ऑफिसातून पेढे आणवले. अर्धं खरं आणि अर्धं खोटं बोलून का होईना, सगळ्यांचं सगळं निभावलं, असं तिला वाटलं.

जोतीरामांनी पेढा घेतला पण खाल्ला नाही. तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि लेकीला खुणेनं गाडीपाशी बोलावलं. त्यांनी एका पेल्यात गाळलेला रस घेतला होता. तो उन्हात धरून ते बराच वेळ बघत राहिले. चाखून पाहिला, जिभेवर घोळवला, थुंकला.

"बादलीत भेंडी न्हवती," ते हळू आवाजात म्हणाले. "पानी हुतं. मी मगदुमाच्या खिडकीतनं बघितलं तुला, बादली घिऊन टाकीवर वाकल्याली. हायड्रोस मारलास व्हय गं?"

अवंतिकाला आधी प्रश्न कळलाच नाही. कळला तेव्हा तिनं मागच्या गटाराकडे बोट केलं. मग तिनं सगळं सांगितलं. वाचवायचं म्हणून जे लपवलं होतं ते एका दमात ओतलं. भेंडीच फिल्टर तुंबवत होती, शबनूरनं कागदावर दाखवलं, मी टाकीत काही टाकलो नाही, गटारात ओतलो, आबा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तिनं शबनूरला बोलावते म्हटलं, रस कोल्हापूरच्या लॅबला पाठवते म्हटलं. जोतीराम शांतपणे ऐकत होते. कुणावर ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"भेंडीनं रस अडतो?" ते म्हणाले. "उद्या म्हनशील मिठानं जेवान अळनी झालं. आनि मगाशी मगदुमाला दाबाचं सांगितलंस त्ये खरं, का मला सांगतीस ह्ये खरं?"

ह्याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते आता कोणत्या तोंडानं द्यायचं? स्वतःचं तोंड तिनं स्वतःच खोटं पाडलं होतं. आबा तिच्याकडे बघत होते, आणि ती नजर तिच्या ओळखीची होती. नळावर हात धुणाऱ्या राजवर्धनकडे तिनं याच नजरेनं पाहिलं होतं. फरक इतकाच, की तिच्या नजरेत राग होता आणि यांच्या नजरेत माया होती, आणि ही माया तिला रागापेक्षा जास्त लागली.

जोतीरामांनी पेल्यातला रस मातीत ओतला. सदऱ्याच्या खिशातून ड्रॉइंगच्या खोलीची किल्ली काढली, तिचा हात हातात घेऊन तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली. दिलेला शब्द मोडायची त्यांची रीत नव्हती.

"कुनाला सांगनार न्हाय मी," ते म्हणाले. "राजाला बी न्हाय. फकस्त पुन्यांदा असलं करू नगंस."

मग ते गाडीत जाऊन बसले आणि तिच्यासाठी पलीकडचं दार आतून उघडून दिलं.